गाडीची बॅटरी बसली? सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटला होकार देण्याआधी एवढं तपासा

किल्ली फिरवली की नुसतं टकटक, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात आणि इंजिन ढिम्म हलत नाही. इथवरचा मामला फार तर एका बॅटरीच्या खर्चाचा असतो. पण गाडी टो होऊन डीलरच्या वर्कशॉपात पोचते, स्कॅनर लावला जातो, त्यात डझनभर एरर कोड निघतात आणि एस्टिमेटमध्ये बॅटरीच्या जोडीला अल्टरनेटर (चालू इंजिनात बॅटरी चार्ज करणारा), स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारा) आणि एखादा सेन्सरही येऊन बसतो.

यात दरवेळी कुणी फसवत असतं असं नाही. व्होल्टेज घसरलं की गाडीतले कॉम्प्युटर खरंच गोंधळतात. एका मॉड्युलला दुसऱ्याचा निरोप मिळत नाही, मग एबीएसचा दिवा लागतो, स्टिअरिंगचा लागतो, एअरबॅगचाही लागतो. मेकॅनिकने तो कोड जसाच्या तसा खरा मानला की एका मरतुकड्या बॅटरीपायी चांगले भाग बदलले जातात. म्हणून माझा एकच हट्ट असतो: बॅटरी पूर्ण चार्ज करून तपासल्याशिवाय दुसरा कुठलाही भाग बदलू द्यायचा नाही, आणि वर्कशॉपला जाताना स्वतः घेतलेले आकडे लिहून न्यायचे. त्यासाठी लागतो एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि थोडा निवांत वेळ.

आधी नीट ऐका आणि बघा

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंद होऊन जवळजवळ विझले आणि भराभर टकटक आवाज आला, तर करंट कमी पडतोय. म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल नीट धरत नाहीये. दिवे लख्ख राहिले आणि एकच जोरात 'टक्' होऊन शांतता पसरली, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या जाड वायरीवर जातो. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, असं असेल तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे. अशा वेळी गिअर न्यूट्रलला आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का, किल्लीतला सेल संपलाय का, इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का ते बघा. ऑटोमॅटिक गाडी 'पी' मध्ये चालू होत नसेल तर 'एन' मध्ये टाकून बघा. गिअरच्या स्विचचा दोष असेल तर तिथे कळतो.

इंजिन फिरतंय झपाझप, पण पेट घेत नाही, हा बॅटरीचा विषयच नाही. तिथे पेट्रोल-डिझेल किंवा इग्निशनची बाजू बघायची.

बॅटरीवर नजर टाका. बाजू फुगल्यात, चीर गेलीय, आम्ल पाझरतंय किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय, तर पुढचे कुठलेही प्रयोग नकोत. जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करणं) नाही, चार्जर नाही. कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी आतून गोठलेलीही असू शकते. ती चार्जरला लावणं धोक्याचं आहे.

बॅटरीवर हिरवा डोळा असतो, त्यावर फार भिस्त ठेवू नका. तो सहा सेलपैकी फक्त एका सेलचं सांगतो. उरलेल्या पाचांपैकी एखादा मेला असला तरी डोळा हिरवाच दिसेल.

रस्त्यात अडकलात तर जंप स्टार्ट

उतरलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने पेट घेतो. म्हणून केबल लावण्याचा क्रम पाळायचा:

१. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात, एकमेकींना टेकलेल्या नकोत. दोन्हींचे दिवे, एसी, पंखा बंद.
२. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
३. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
४. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
५. काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी इथे पडते, म्हणून ही जागा बॅटरीपाशी नको.
६. मदतीच्या गाडीचं इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडीचा सेल्फ मारा. काढताना नेमका उलटा क्रम.

लाल-काळं उलटं लागलं तर फ्यूज उडण्यापासून मॉड्युल जळण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. घाईत हेच होतं. म्हणून चिमटा लावण्याआधी बॅटरीच्या अंगावरची + आणि − खूण बोटाने दाखवून खात्री करा. रंगावर जाऊ नका, मागच्या कुणी लाल वायरीवर काळी टेप गुंडाळलेली असते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीलाही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर गाडी 'ऑन' होत नाही. तिला कुठे जोडायचं, आणि त्या गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप देता येतो का, हे फक्त तिच्या माहितीपुस्तिकेत बघायचं. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, ती उच्च व्होल्टेजची असते.

गाडी धक्का मारून चालू करण्याचा जुना मार्ग ऑटोमॅटिकला चालत नाही.

इंजिन चालू झालं की थेट घरी किंवा चार्जर असेल तिथे जा, वाटेत बंद करू नका. 'अर्धा तास फिरवली की चार्ज होते' हा गैरसमज फार पसरलेला आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीला शेवटचा वीसेक टक्के चार्ज घ्यायला तासन्‌तास लागतात. तो भाग अर्ध्या तासाच्या फेरीत कधीच भरत नाही, आणि कायम अर्धवट भरलेली राहिलेली बॅटरी लवकर मरते. अशा बॅटरीतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात, कडक होतात आणि मग कितीही चार्ज केलं तरी पुन्हा विरघळत नाहीत.

मल्टीमीटर काढा: तीन आकडे

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, त्याच्यावरच्या क्लॅम्पवर नको. कारण पुढे कळेलच.

पहिला आकडा, गाडी रात्रभर बंद राहिल्यावरचा. गाडी नुकती चालवली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. साध्या बॅटरीसाठी हिशोब असा:

१२.६ किंवा वर: पूर्ण चार्ज
१२.४: साधारण ७५ टक्के
१२.२: अर्धी
१२.०: पाव
११.९ च्या खाली: रिकामी

एजीएम बॅटरीत (यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) हे आकडे एक-दोन दशांशाने वर असतात. पूर्ण चार्ज करूनही मीटर १०.५ च्या आसपास अडकलं असेल तर सहापैकी एक सेल गेलाय असं समजा, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. त्या बॅटरीला आता काही करता येत नाही.

दुसरा आकडा, सेल्फ मारतानाचा. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचं. १२.६ वरून आकडा झपकन खाली येतो आणि इंजिन पेटताच वर उसळतो. तो सर्वात खाली कुठे गेला ते टिपा. उबदार हवेत चार्ज केलेली चांगली बॅटरी १० च्या वर राहते. ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी थकलीय. मात्र ही परीक्षा चार्ज केलेल्या बॅटरीचीच घ्यायची. उतरलेली नवी बॅटरीसुद्धा यात नापास होईल.

तिसरा, इंजिन चालू असतानाचा. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर लावून मोजा. साधारण १३.७ ते १४.७ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक. १३ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग बघायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि तो नवी बॅटरीसुद्धा उकळून मारेल. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणे व्होल्टेज वर-खाली करतो. त्यामुळे चालू गाडीत एकदा १२.८ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. सगळे दिवे लावून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून पुन्हा बघा.

अल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढणं हा जुना प्रकार अजून काही ठिकाणी चालतो. समोर कुणी तसं करायला निघालं तर त्याला थांबवा. वायर काढताच व्होल्टेजची जी उसळी येते ती गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जाळू शकते.

बऱ्याचदा दोष टर्मिनलचा असतो

मघाशी टोकं खुंटावर टेकवायला सांगितली ती यासाठी. आता एक टोक पॉझिटिव्ह खुंटाच्या मध्यावर आणि दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत, तेव्हा मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवं. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज त्या जोडातच खर्ची पडतंय, स्टार्टरपर्यंत पोचतच नाहीये. हीच तपासणी निगेटिव्ह खुंट आणि इंजिनाच्या धातूमध्ये करा. तिथे ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा सैल आहे. गाडी कधी पटकन चालू होते, कधी मुळीच नाही, असा लहरीपणा असेल तर आधी ही पट्टी बघायची.

बाहेरून दिसणारी पांढरी-निळसर बुरशी सगळ्यांना ठाऊक असते. खरा त्रास क्लॅम्पच्या आत असतो. क्लॅम्प काढून बघितलात तर चकाकत्या शिशाऐवजी काळपट राखाडी थर दिसेल, नखाने खरवडला तर निघणारा. वरून सगळं स्वच्छ, आत हा थर, आणि गाडी बंद.

साफ करायला खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून बुरशीवर ओता, फेस विरेपर्यंत थांबा, पाण्याने धुवा. खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. सोड्याचं पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प घट्ट बसवल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात. क्लॅम्प हाताने फिरता कामा नये.

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. पाना पॉझिटिव्हवर असताना त्याचं दुसरं टोक चुकून बॉडीला लागलं तर शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटलेला असला की तो धोका उरत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

चार्जरवर लावा, मग निकाल द्या

बॅटरीच्या ॲम्पिअर-अवरच्या दहाव्या भागाइतका करंट हा चार्जिंगचा सुरक्षित ठोकताळा. ४५ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला साडेचार ॲम्पिअर, आणि पार उतरलेली असेल तर दहा-बारा तास. स्मार्ट चार्जर हे स्वतः सांभाळतो, फक्त बॅटरी एजीएम असेल तर त्यावर तो पर्याय निवडा. जागा हवेशीर हवी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर चार्जनंतर पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आम्ल कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी. अशा बॅटरीत हायड्रोमीटर (आम्लाची सापेक्ष घनता मोजणारं साधन) घालता येत असेल तर तो सगळ्यात खरं सांगतो: पूर्ण चार्ज सेलमध्ये १.२६५ ते १.२८०, आणि एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल कामातून गेला.

चार्ज झाल्यावर चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी पहिला आणि दुसरा आकडा पुन्हा घ्या. १२.६ टिकला आणि सेल्फच्या वेळी १० च्या वर राहिली, तर बॅटरी शाबूत आहे. मग ती उतरली का, हे शोधायचं. सकाळपर्यंत आपोआप १२.२ वर आली, तर ती बदलायची वेळ झाली.

चांगली बॅटरी पार्किंगमध्ये उतरते तेव्हा

बंद गाडीही थोडा करंट खाते: अलार्म, घड्याळ, किल्लीचा रिसीव्हर. साधारण ५० मिलिॲम्पिअरपर्यंत ते चालतं. त्याचा हिशोब करा, दिवसाला १.२ ॲम्पिअर-अवर. ४५ च्या बॅटरीतून महिन्याला ३६ जातात. म्हणजे काहीही बिघाड नसताना महिनाभर उभी असलेली गाडी चालू होणार नाही, आणि यात दुरुस्तीसारखं काहीच नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मेंटेनन्स चार्जर लावा किंवा निगेटिव्ह सोडून ठेवा.

पण तीन-चार दिवसांतच उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. डिक्कीतला किंवा ग्लोव्ह बॉक्समधला पाच वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही विझत नसेल तर तो एकटाच दिवसाला दहा ॲम्पिअर-अवर खातो. फोन आत ठेवून व्हिडिओ सुरू करा आणि झाकण लावून बघा, विझतो की नाही ते कळेल. त्यानंतर संशय मागाहून बसवलेल्या वस्तूंवर घ्यायचा: डॅशकॅम, ट्रॅकर, बाहेरून टाकलेली म्युझिक सिस्टीम, अलार्म.

मोजायचं असेल तर बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत पाडा, दारं लावा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि थांबा. गाडीची मॉड्युल झोपायला काही गाड्यांत तासभरही लागतो. घाई केली की गळती नसतानाही मोठा आकडा दिसतो. मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात टाकून मीटर निगेटिव्ह खुंट आणि त्याच्या सोडलेल्या वायरीच्या मध्ये जोडतात. जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, दारही उघडायचं नाही, मीटरचा फ्यूज उडेल. मला याहून सोपी वाटते ती दुसरी रीत. मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचं आणि फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवायचं. शून्य दिसलं तर त्या सर्किटमधून करंट जात नाही. आकडा दिसला की गळतीची वाट सापडली. फ्यूज उपसत बसलात तर झोपलेली मॉड्युल परत जागी होतात आणि सगळा खेळ पहिल्यापासून.

एवढं करून कोणत्या फ्यूजवर गळती आहे हे वर्कशॉपला सांगता आलं तर त्यांचे शोधण्याचे तास वाचतात, आणि ते तास बिलात असतात.

वर्कशॉपच्या काउंटरवर

'गाडी चालू होत नाही, बघा काय ते' असं सांगणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करणं. त्याऐवजी असं सांगा: 'रात्रभर चार्ज करून १२.६ होती, सकाळी सेल्फ मारताना ८.९ पर्यंत गेली, चालू इंजिनात १४.२ येतायत. बॅटरीची लोड टेस्ट करून छापील रिझल्ट द्या.' जॉबकार्डवर तक्रार याच शब्दांत लिहून घ्या.

मग पुढच्या गोष्टी, साधारण याच क्रमाने.

तपासणीचं शुल्क किती आणि दुरुस्ती तिथेच केली तर ते बिलातून वजा होतं का, हे आधी विचारा. एस्टिमेट लेखी घ्या, पार्ट आणि लेबर वेगळे लिहिलेले. वाढीव काम निघालं तर मेसेजवर विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे जॉबकार्डवरच लिहा. तोंडी 'हो' म्हटल्याचा पुरावा दोघांकडेही नसतो. बदललेले जुने भाग परत हवेत, हेही तेव्हाच सांगा. नंतर सांगितलं तर ते भंगारात गेलेले असतात. एखादा भाग अदलाबदलीच्या किमतीत मिळत असेल किंवा वॉरंटीत बदलला जात असेल तर तो जुना त्यांच्याकडे राहणं रीतसर आहे. अशा वेळी फक्त बघून घ्या.

बॅटरी टेस्टरची छापील पट्टी आली की ती वाचा, खालचा 'बदला' हा एक शब्द वाचून थांबू नका. त्यावर बॅटरीचा ठरलेला सीसीए आणि मोजलेला सीसीए असे दोन आकडे असतात. सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचं माप. गंमत अशी की ठरलेला आकडा, बॅटरीचा प्रकार आणि मोजण्याचं मानक हे मेकॅनिक हाताने भरतो. तुमच्या बॅटरीच्या लेबलवर ४०० असताना मशीनमध्ये ५५० भरले तर धडधाकट बॅटरीही नापास होते. एजीएमच्या जागी साधी निवडली तरी निकाल चुकतो. तेव्हा पट्टी आणि लेबल शेजारी धरून बघा. पट्टीवर 'चार्ज करून पुन्हा तपासा' आलं असेल तर तो नापासाचा शेरा नव्हे. तसंच करायला सांगा.

एरर कोडांचा ढीग दाखवला गेला, तर विचारायचा प्रश्न एकच: 'बॅटरी भरलेली असताना कोड पुसून, गाडी चालवून परत काढलेत का?' कमी व्होल्टेजमुळे आलेले कोड पुसले की बहुतेक परत येत नाहीत. जो येतो त्याच्याबद्दल बोलू. यात कुणावर आरोप नाही, प्रामाणिक सर्व्हिस ॲडव्हायझर हे ऐकून उलट खूश होतो.

अल्टरनेटर बदलायचा म्हणतील तर आधी पट्टा सैल किंवा झिजलेला नाही ना, जोडणीची जाड वायर आणि तिचा मोठा फ्यूज ठीक आहे ना, हे तपासलं का विचारा. अल्टरनेटरमधला डायोड गेला असेल तर मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर मोजलं की अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसतं. असा डायोड गाडी बंद असताना बॅटरी रिकामीही करतो. मात्र सगळा अल्टरनेटर फेकायची गरज नेहमी नसते. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर, ब्रश, बेअरिंग वेगळे मिळतात आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो. डीलरकडे हा पर्याय सहसा पुढे केला जात नाही, तिथे पूर्ण युनिट बदलायची पद्धत असते. स्टार्टरच्या बाबतीतही हेच.

लेबरच्या ओळी काळजीने वाचा. अनेक ठिकाणी कामाचे तास प्रत्यक्ष लागलेल्या वेळावर नसून कामागणिक ठरलेल्या तक्त्यावर असतात. एका कामासाठी बॅटरी आणि तिचा ट्रे काढावाच लागत असेल तर दुसऱ्या ओळीत 'बॅटरी काढणे-लावणे' पुन्हा लावता येत नाही. ही दुहेरी ओळ दाखवून दिली की बहुतेक वेळा मुकाट्याने निघते. 'टर्मिनल ट्रीटमेंट', 'बॅटरी हेल्थ पॅकेज', 'इलेक्ट्रिकल टोनिंग' असल्या भारदस्त नावांच्या ओळी दिसल्या तर त्यात नेमकं काय करणार ते विचारा. उत्तर 'ब्रशने साफ करून ग्रीस लावू' असं असेल तर ते तुम्ही वर वाचलंच आहे.

एस्टिमेट पटलं नाही तर तपासणीचं शुल्क भरून, रिझल्टची प्रत घेऊन गाडी बाहेर काढा. त्याच कागदावर दुसरीकडचा भाव घेता येतो. गाडी उघडून ठेवलेल्या अवस्थेत घासाघीस करणं मात्र अवघड जातं, म्हणून 'खोलून बघतो' ला होकार देण्याआधीच हे ठरवा.

डीलरकडेच जावं असंही काही वेळा असतं. गाडी वॉरंटीत आहे, गळती एखाद्या मॉड्युलमध्ये आहे, किंवा सॉफ्टवेअर अपडेटने मॉड्युल झोपत नसल्याचा दोष जातो, अशा वेळी बाहेरचा मेकॅनिक वेळ घालवेल. वॉरंटी पुस्तिकेत बॅटरीचं पान वेगळं बघा. गाडीच्या मानाने तिची मुदत बहुधा कमी असते आणि बॅटरी कंपनीची स्वतःची वॉरंटी निराळी असते.

नवी बॅटरी घेताना

आकार, टर्मिनल कुठल्या बाजूला, ॲम्पिअर-अवर आणि सीसीए: पहिल्या दोन गोष्टी जशाच्या तशा, पुढच्या दोन मूळ आकड्याइतक्या किंवा थोड्या जास्त. टर्मिनल उलट्या बाजूला असलेली बॅटरी घेतली तर वायरी पोचत नाहीत किंवा ताणून लावल्या जातात.

स्टार्ट-स्टॉपची (थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी) गाडी असेल तर एजीएम किंवा ईएफबी (साध्या बॅटरीचाच मजबूत केलेला प्रकार), जी मूळ होती तीच. तिच्या जागी साधी बॅटरी स्वस्त पडते, पण दिवसात पन्नास वेळा इंजिन बंद-चालू होण्याचा मार ती फार काळ सोसत नाही. ईएफबीच्या जागी एजीएम घालायची तर गाडीची पुस्तिका परवानगी देते का बघा. एजीएमला उष्णता सोसत नाही, इंजिनाला खेटून असलेल्या जागेत ती लवकर जाते.

बनल्याची तारीख बघा. दुकानात पडून असलेली बॅटरीही हळूहळू उतरत असते. तारखेचा सांकेतिक क्रमांक विक्रेत्याकडून उलगडून घ्या, आणि तिथेच मीटर लावा. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर दोन मुदती असतात, एकीत बॅटरी फुकट बदलून मिळते आणि दुसरीत वापरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात सूट. जाहिरातीत दोन्हींची बेरीज छापलेली असते. भाव करताना पहिलीच मोजा. विक्रीची तारीख आणि शिक्का कार्डावर लगेच घ्या.

स्वतः बदलणार असाल तर

निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, मग खालचा पकडपट्टा. बॅटरी जड असते, आडवी करायची नाही. नवी बसवल्यावर पट्टा नीट आवळा. हलत्या बॅटरीच्या प्लेटा हादऱ्यांनी झडतात. बॅटरी डिक्कीत किंवा सीटखाली असेल तर तिच्या वाफेची नळी परत जोडायला विसरू नका, आणि डिक्कीचं लॉक विजेवर असेल तर काम होईपर्यंत डिक्की उघडी, किल्ली खिशात.

काही गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरला 'नोंदवावी' लागते, नाहीतर तो जुन्या थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच चार्ज करत राहतो. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर पुस्तिकेत बघा किंवा डीलरला फोन करून फक्त त्या नोंदणीचं शुल्क विचारा. तेवढंच काम करून घेता येतं. रेडिओचा कोड आधी शोधून ठेवा. बदलल्यावर खिडकीची एका झटक्यात बंद होण्याची सोय गेली असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरल्यावर बहुतेक गाड्यांत ती परत येते. स्टिअरिंगचा दिवा लागला असेल तर चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडं सरळ चालवा. स्टार्ट-स्टॉप एखाद-दोन दिवस बंद राहू शकतं. ही लक्षणं घेऊन लगेच वर्कशॉपात पळू नका.

नवी लावल्यावर तिन्ही आकडे घेऊन तारखेसकट वॉरंटी कार्डाच्या मागे लिहा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. उन्हाळ्याआधीचं मोजमाप चुकवू नका. थंडीत बॅटरी जाते असं दिसतं खरं, पण तिचं नुकसान उष्णतेत झालेलं असतं. थंडीत फक्त ते उघडं पडतं.

जुनी बॅटरी घरात ठेवू नका, कचऱ्यात तर नकोच. त्यातल्या शिशाला मोल आहे आणि ते वितळवून पुन्हा वापरलं जातं, म्हणून नवी घेताना जुनीची रक्कम वजा करून मागा. डीलरने बॅटरी बदलली असेल तर ही वजावट बिलात दिसतेय का, तेही बघा. नसेल तर ती वजा करून बिल पुन्हा काढायला सांगा, किंवा जुनी बॅटरी उभी करून डिक्कीत ठेवा आणि अधिकृत भंगारवाल्याकडे द्या.